दोन ओळींचा राजीनामा

हे प्रकरण प्रशिक्षणवर्गातल्या चर्चेसाठी रचलेलं आहे. ते कुठल्याही एका संग्रहालयाचं नाही, आणि त्यातल्या माणसांना मुद्दामच नावं दिलेली नाहीत. तरी संग्रहालयात चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही यातली एक-दोन माणसं ओळखीची वाटतील.

संग्रहालय मध्यम आकाराचं. वस्तू सुमारे ४०,०००. त्यातल्या जेमतेम २,००० दालनांत मांडलेल्या, बाकी सगळ्या भांडारात. अभिरक्षकांची, म्हणजे क्युरेटरची, मंजूर पदं तीन, भरलेलं एक. संग्रहाची माहिती नव्या संगणकप्रणालीत चढवायचं ठरलं, तेव्हा त्याआधी सगळ्या वस्तूंची प्रत्यक्ष पडताळणी करून घ्यावी असा निर्णय झाला आणि त्यासाठी एक सहाय्यक एका वर्षाच्या करारावर घेतली गेली. वय २६, संग्रहालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी, त्याआधी याच संग्रहालयात सहा महिने बिनपगारी उमेदवारी. करार एकदा वाढवला गेला. दुसऱ्या वर्षाच्या सातव्या महिन्यात तिने राजीनामा दिला. ‘वैयक्तिक कारणामुळे मी हे काम पुढे करू शकत नाही. माझ्याकडच्या किल्ल्या कार्यालयात जमा केल्या आहेत.’ बस, एवढंच.

संचालकांनी त्याच कागदावर शेरा मारला: ‘मंजूर. तरुण कर्मचाऱ्यांसाठी ताणव्यवस्थापनाची कार्यशाळा घ्यावी.’

काम काय होतं

पडताळणी बाहेरून वाटते तितकी यांत्रिक नसते. वस्तूवर रंगवलेला क्रमांक, नोंदवहीतला क्रमांक आणि कपाटाच्या स्थानपत्रकावरचा क्रमांक हे तिन्ही जुळले की बरोबरची खूण. नाही जुळले की शोध सुरू. जुन्या संग्रहालयांत क्रमांकाच्या दोन-तीन पद्धती एकमेकींवर चढलेल्या असतात. प्रत्येक नवा अभिरक्षक आपली पद्धत आणतो आणि जुनी पुसायचं धाडस कुणी करत नाही.

एका खणात तिला तीन हस्तिदंती कंगवे मिळाले. तिघांचा क्रमांक एकच. एकावर काळ्या शाईत, दुसऱ्यावर लाल, तिसऱ्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आणि तिच्यावर पेन्सिलीत ‘जुना क्र. पाहावा’. कुठला जुना क्रमांक, ते लिहिलेलंच नाही. नोंदवहीत त्या क्रमांकासमोर ‘कंगवा, १ नग’. तिने देणगीदारांची जुनी पत्रं उलटीपालटी करून शोधून काढलं की उरलेले दोन कंगवे एका मोठ्या देणगीतून आले होते आणि ती अख्खी देणगी एकाच ओळीत ‘किरकोळ शृंगारसाहित्य’ म्हणून नोंदवून कुणीतरी मोकळं झालं होतं. या शोधाचं दीड पानी टिपण तिने स्वतःहून लिहून फाइलला लावलं. हे टिपण महत्त्वाचं आहे, कारण पुढे ‘तिला मुळात या कामाची आवडच नव्हती’ असंही कुणीतरी म्हणालं.

अशी कोडी सुटत होती, तशी ‘आढळली नाही’ या सदराखालची यादीही वाढत होती. पहिल्या तिमाहीअखेर ती यादी घेऊन वरिष्ठ अभिरक्षकांकडे गेली. “हे आत्ता वर पाठवू नकोस. आधी नीट शोध,” ते म्हणाले. सल्ला वाजवी होता. भांडारात न सापडलेली वस्तू बहुतेक वेळा चुकीच्या खणात पडलेली असते. तिने पुन्हा शोधलं, काही वस्तू सापडल्याही. दुसऱ्या तिमाहीला तेच उत्तर. करार वाढल्यावर, दुसऱ्या वर्षात, मात्र उत्तर बदललं: “शेऱ्याचा रकाना सध्या मोकळा ठेव आणि सही कर. नंतर बघू.”

पडताळणीपत्रकाच्या तळाशी सहीच्या दोन जागा होत्या, ‘पडताळणी करणार’ आणि ‘ताबा असलेला अधिकारी’. ज्या दोन विभागांची पडताळणी ती करत होती, त्यांच्या अभिरक्षकांची पदं रिकामी होती. म्हणजे शेकडो पत्रकांवर सही एकच, आणि ती वर्षाच्या करारावरच्या सहाय्यकाची. ज्या वस्तू तिने कधी पाहिल्याच नव्हत्या, त्याही तिच्या सहीने जागेवर असल्याचं ठरत होतं.

याच काळात तिच्याकडे आणखी एक काम आलं. साथीच्या काळातल्या एका रुग्णालयाच्या काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या होत्या. त्यांत काय आहे याची आगाऊ कल्पना तिला कुणी दिली नाही. खरं तर पेटीवर तसं काही लिहिलेलंच नव्हतं. ज्यांनी स्कॅनिंग केलंय त्यांना ठाऊक असेल, नुसतं बटण दाबून भागत नाही. प्रतिमा पूर्ण मोठी करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकत जावं लागतं: फोकस आहे का, धूळ बसलीय का, ओरखडा मूळचा की स्कॅनरचा. त्या प्रतिमांमध्ये मरणाला टेकलेली माणसं होती, मुलं होती, आणि तिला प्रत्येक चेहऱ्यावर थांबून धूळ तपासायची होती. खोलीत अंधार, सोबत कुणी नाही, आणि रोजच्या संख्येचं उद्दिष्ट ठरलेलं.

एके दिवशी एक निगेटिव्ह पाकिटातून काढताना तडकली. जुन्या पाकिटाचा गोंद इमल्शनला, म्हणजे काचेवरच्या प्रतिमेच्या थराला, धरून बसला होता. तिने त्याच तासाला अपघाताची नोंद स्वतः लिहिली, तुकडे वेगळे गुंडाळले, छायाचित्र काढलं. सगळं नियमाप्रमाणे. चौथ्या दिवशी मेमो आला: निष्काळजीपणाबद्दल खुलासा करावा.

मेमोनंतर ती प्रत्येक खण उघडण्याआधी आणि बंद केल्यावर त्याचा फोटो काढू लागली, स्वतःच्या फोनवर. रात्री घरी ते फोटो ताडून पाहायची. कामाचा वेग निम्म्यावर आला. वेग का कमी झाला, म्हणून तिला विचारणा झाली. तीन आठवड्यांनी राजीनामा.

पहिलं निदान

कार्यशाळा झाली. एक दिवसाची होती. श्वासाचे व्यायाम, वेळेचं नियोजन, ‘नाही’ म्हणायला शिकणं. प्रतिक्रियांचे अर्ज उत्तम भरून आले. यात संचालकांची नियत चांगली होती, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. एक माणूस कोलमडला, दुसऱ्यांचं तसं होऊ नये असं त्यांना मनापासून वाटलं.

पण अशा उपायांचा पुरावा तोकडा आहे. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या उत्तरांचा अभ्यास करून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडला: ताणव्यवस्थापनाचे वर्ग, ध्यानधारणेची अ‍ॅप, मानसिक लवचिकतेचं प्रशिक्षण असे एकेका माणसावर बेतलेले उपाय घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही. अपवाद होता तो फक्त स्वयंसेवेच्या संधींचा. अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या उत्तरांवर आधारलेला आहे, त्यामुळे त्यातून कार्यकारणभाव ठामपणे काढता येत नाही. तरी ज्या संस्था अशा कार्यशाळेवरच थांबतात, त्यांनी तो वाचायला हवा.

या संग्रहालयात पुरावा लवकरच दारात आला. कार्यशाळेनंतर दोन महिन्यांत शिक्षणविभागातल्या एका तरुणाने आणि छायाचित्रकाराने बदली मागितली. दोघांनीही अर्जात ‘भांडाराशी संबंधित काम नको’ असं लिहिलं होतं.

नोंदी उघडल्यावर

त्याच सुमारास संग्रहप्रमुखाच्या पदावर नव्या बाई आल्या. त्या मूळच्या संवर्धक, म्हणजे वस्तूंची दुरुस्ती आणि जतन करणाऱ्या. त्यांनी कुणाशी बोलण्याआधी कागद मागवले: पडताळणीपत्रकं, अपघात-नोंदी, हजेरीपट, मेमो. विचारलं तेव्हा म्हणाल्या, लाकडी मूर्तीला तडा गेला तर आपण मूर्तीला सहनशक्ती वाढवायला सांगत नाही. आधी त्या दालनाच्या आर्द्रतेच्या नोंदी काढतो. आकडा किती होता यापेक्षा तो किती वेगाने वर-खाली झाला ते बघतो, मग खिडकी, मग वातानुकूलन, आणि सगळ्यात शेवटी मूर्तीच्या दुरुस्तीचं बोलतो. माणसाच्या बाबतीत हा क्रम उलटा का व्हावा?

त्यांनी कागद तारखांप्रमाणे लावले, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. कामाचा बोजा पहिल्या वर्षी जास्त होता. प्रदर्शनाची मांडणी, सुटीच्या दिवसांची ड्यूटी, शाळांच्या सहली सगळं त्याच वर्षात होतं, आणि ते वर्ष तिने उत्तम काढलं. घसरण सुरू झाली ती ‘रकाना मोकळा ठेव’ या सूचनेनंतर.

इथे माझं मत सांगतो. या प्रकरणाला सरसकट ‘बर्नआउट’ म्हणणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली, ती आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या जागचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी गोष्ट असं तिचं वर्णन आहे. लक्षणं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. पहिलं आणि तिसरं इथे दिसतं. दुसरं अजिबात दिसत नाही. रात्री घरी बसून खणांचे फोटो ताडणाऱ्या माणसाचं कामापासून मन तुटलेलं नसतं.

जास्त जवळचं वर्णन परिचर्येच्या क्षेत्रातून येतं. तत्त्वज्ञ अँड्र्यू जेम्टन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांबद्दल लिहिताना एका वेगळ्या ताणाकडे लक्ष वेधलं: योग्य काय आहे ते माणसाला ठाऊक असतं, पण संस्थेची रचनाच अशी असते की ते करणं जवळपास अशक्य होऊन बसतं. याला नैतिक कोंडी म्हणू. विश्रांतीने थकवा जातो, ही कोंडी विश्रांतीने सुटत नाही. सुटी संपवून माणूस परत येतो तेव्हा रकाना मोकळाच असतो.

आणि योग्य काय ते तिला ठाऊक होतं. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची, म्हणजे आयकॉमची, १९८६ मध्ये स्वीकारलेली आणि २००४ मध्ये सुधारलेली आचारसंहिता या क्षेत्रात शिकणाऱ्या बहुतेकांना अभ्यासाला असते. कर्मचाऱ्याने संस्थेची धोरणं पाळावीत असं ती सांगते, पण संग्रहालयाला किंवा या व्यवसायाला बाधक वाटणाऱ्या प्रथांवर त्याला रीतसर हरकत घेता येते, असंही त्याच कलमात म्हणते. प्रश्न असा की हरकत घ्यायची कुठे? या संग्रहालयात वरिष्ठ अभिरक्षकांना डावलून जाण्याची एकच वाट होती, थेट संचालक. करार संपायला पाच महिने उरलेल्या माणसाने ती वाट धरावी अशी अपेक्षा करणं फार झालं.

ग्रंथपाल फोबाझी एटार यांनी २०१८ मध्ये ग्रंथालयांबद्दल मांडलेला एक विचार इथे तंतोतंत लागू पडतो. पेशा पवित्र मानला गेला की त्यातल्या माणसांनी कमी पगार, जादा तास आणि अन्याय हे सेवेचा भाग म्हणून सोसावेत असं गृहीत धरलं जातं, आणि संस्थेवर टीका करणं जवळजवळ पाप ठरतं. संग्रहालयं याबाबत ग्रंथालयांच्या चार पावलं पुढेच असतील. अमेरिकेतल्या कलासंग्रहालय-संचालकांच्या संघटनेला उमेदवारी करणाऱ्यांना पगार द्यावा असा ठराव करायला २०१९ साल उजाडलं. आपल्या या प्रकरणातली सहाय्यकही सहा महिने फुकट राबूनच आत आली होती. त्याचा उल्लेख तिच्या फाइलमध्ये ‘संस्थेबद्दलची निष्ठा’ असा केलेला आहे.

वरिष्ठांची बाजू

वर्गात हे प्रकरण वाचलं की निम्मे जण वरिष्ठ अभिरक्षकांवर तुटून पडतात. घाई करू नये. संग्रहप्रमुख त्यांच्याशी बोलल्या तेव्हा कळलं की नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या साहेबांचं काय झालं ते पाहिलं होतं. निवृत्तीच्या वेळी ताबा देताना त्यांच्या विभागातली काही नाणी यादीप्रमाणे भरेनात. ती त्यांच्या आधीच्या कुणाच्या तरी काळात गेली असणार, पण शेवटची सही त्यांची होती. चौकशी वर्षानुवर्षं चालली आणि तोवर निवृत्तिवेतन अडकून राहिलं. त्यातून वरिष्ठांनी एक धडा घेतला: कमतरता ज्याच्या काळात कागदावर येते, तो बुडतो. त्यामुळे ती कागदावर येऊच द्यायची नाही. तीस वर्षं ते याच हिशेबाने जगले. तिला रकाना मोकळा ठेवायला सांगताना आपण तिला वाचवतोय, असंच त्यांना वाटत होतं. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते अगदीच खोटंही नव्हतं.

म्हणजे भीती वरून खाली झिरपत आली होती. वरिष्ठांकडे निदान कायम नोकरी होती, तीस वर्षांचे संबंध होते. तिच्याकडे भीती तेवढीच आली, तिच्यावरची ही पांघरुणं आली नाहीत.

काय बदललं, काय नाही

संग्रहप्रमुखांनी पहिला हात घातला तो पत्रकाला. ‘आढळली नाही’ ही आता एक अधिकृत अवस्था झाली. तारीख टाकायची, कुठे कुठे शोधलं ते लिहायचं, आणि ३० दिवसांत सापडली नाही तर ती नोंद आपोआप संग्रह समितीपुढे जाते. मध्ये कुणाची परवानगी लागत नाही. दुसरी सही कायम अधिकाऱ्याचीच. पद रिकामं असेल तर ती सही संग्रहप्रमुखांची. शिवाय समितीने लेखी ठराव केला की पडताळणीत उघड झालेल्या जुन्या कमतरतेसाठी पडताळणी करणाऱ्याला जबाबदार धरलं जाणार नाही. हा ठराव होईपर्यंत वरिष्ठांनी नव्या पत्रकावर सही करायला नकार दिला होता. ठराव झाल्यावर केली, आणि आपल्या कपाटातून स्वतःची एक जुनी यादीही काढून दिली.

यादी उघड झाल्यावर बहुतेक वस्तूंचा पत्ता लागला: काही संवर्धन-प्रयोगशाळेत दुरुस्तीला जाऊन विसरलेल्या, काही दुसऱ्या संस्थेला प्रदर्शनासाठी उसन्या दिलेल्या आणि परत न मागितलेल्या, काही नुसत्याच चुकीच्या क्रमांकाच्या. थोड्या खरोखरच गेलेल्या निघाल्या. त्यांची तक्रार रीतसर नोंदवली गेली. याची बातमी झाली आणि एक आठवडा संस्थेला अवघड गेला. या आठवड्यात नव्या पद्धतीवर पाणी फिरलं असतं. फिरलं नाही, कारण संचालकांनी पत्रकारांना उत्तरं स्वतः दिली आणि खालच्या कुणाचं नाव पुढे केलं नाही. सगळ्या प्रकरणात तरुण कर्मचाऱ्यांचा विश्वास बसायला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला, असं मला वाटतं. त्यासाठी कुठलीही योजना आखावी लागली नव्हती.

त्रासदायक सामग्रीबद्दलचे नियम साधे होते. पेटीवर आत काय आहे त्याची स्पष्ट सूचना. अशा कामाला दोघं जण. दिवसात मर्यादित तास आणि बाकीचा वेळ वेगळं काम. आणि कारण न सांगता नकार द्यायची मुभा. नकार देणाऱ्याची कुठे नोंद होत नाही. हे शेवटचं वाक्य नियमात घालावं लागलं, कारण पहिल्या मसुद्यात ‘नकाराची नोंद ठेवावी’ असं होतं!

अपघात-नोंद आणि शिस्तभंगाची फाइल वेगळ्या केल्या. थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहायचं ठरलं: वस्तू घसरली पण पडली नाही, पाकीट चिकटलं पण वेळेत लक्षात आलं. अशा नोंदी जमल्यावर कळलं की तडकलेल्या निगेटिव्हच्या आधीही तीच गोंदाची अडचण दोघांना आली होती आणि दोघंही गप्प बसले होते. पाकिटं बदलायला एक आठवडा लागला.

फसलेलं काम म्हणजे शुक्रवारची ‘मोकळ्या गप्पांची’ बैठक. ती दुसऱ्याच आठवड्यात मेली, कारण तिला सगळ्यांचे साहेब हजर राहू लागले. त्याऐवजी प्रत्येक नव्या माणसाला दुसऱ्या विभागातला एक जुना सहकारी नेमून दिला, जो त्याचा गोपनीय अहवाल लिहीत नाही. हे बरं चाललं. एका जोडीचं पटलं नाही तेव्हा ती बदलली.

सगळ्याची किंमत मोजावी लागली. पडताळणीचा वेग घटला, वर्षाची प्रदर्शनं सहावरून चारवर आली. विश्वस्तांपैकी काहींनी ‘तरुणांचे लाड’ असा शब्द वापरला. संग्रहप्रमुखांनी त्यांच्यापुढे फक्त आधीच्या तीन वर्षांत सोडून गेलेल्यांची आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या माहितीची यादी ठेवली. कुठला खण कुणाला माहीत होता, त्यातलं किती लिहून राहिलंय, एवढंच.

राजीनामा दिलेल्या सहाय्यकेला परत बोलावलं गेलं. तिने नोकरी नाकारली. मेमो लेखी मागे घेतला तर यादी समजावून द्यायला येईन आणि त्या दिवसांचं मानधन घेईन, असं तिने कळवलं. दोन्ही मान्य झालं. मेमो मागे घेतल्याचं पत्र निघायला मात्र मेमोपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. त्याचा नमुनाच कार्यालयात नव्हता.

कराराचा प्रश्न अर्धवटच सुटला. विश्वस्तांनी मुदत एकाऐवजी दोन वर्षं केली, मुदत संपण्याआधी तीन महिने निर्णय कळवायचं मान्य केलं आणि बिनपगारी उमेदवारी बंद केली. पदं कायम करायला नकार दिला. त्यावर संग्रहप्रमुखांनी लेखी कळवलं की दोन विभागांच्या दुसऱ्या सह्या त्या स्वतः सांभाळतील, पण तिसऱ्या, म्हणजे धातुवस्तू विभागाचे वरिष्ठ अभिरक्षक येत्या वर्षी निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी कायम माणूस येईपर्यंत त्या विभागाची पडताळणी सुरू होणार नाही. विश्वस्तांनी नाराजीनेच मान्यता दिली. नव्या संगणकप्रणालीत धातुवस्तूंचा विभाग अजून रिकामा आहे आणि तो रिकामा का आहे, ते संस्थेच्या वार्षिक अहवालात एका परिच्छेदात छापलेलं आहे.